जिंजाच्या घराचं उदक

व्हॅनवाल्याने आम्हाला घरासमोर उतरवलं आणि पैसे घेऊन तो निघून गेला. सासूबाईंनी पुढच्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साडीच्या निऱ्या किंचित उचलून त्या घराला वळसा घालून तरातरा मागच्या बाजूला निघाल्या. दोन्ही बॅगा माझ्या हातात.

"आई, दार इकडे आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे हो मला. या भिंतींना रोज दोन वेळा पाणी मारलंय मी, बांधकाम चालू असताना."

पुढच्या भिंतीवर सिमेंटमध्ये उठवलेली मराठी अक्षरं होती, 'श्रमसाफल्य, १९६४'. युगांडातल्या जिंजा गावात, विषुववृत्ताच्या उन्हात, आजूबाजूला केळीची बनं, आणि मध्येच हे श्रमसाफल्य. पुढच्या खोल्यांत सरकारी नोकरांची दोन कुटुंबं राहत होती, त्यांची चड्ड्या-बनियनं व्हरांड्यात वाळत होती. मला हसू यायला हवं होतं, पण तीन दिवसांच्या प्रवासाने जीव इतका आंबून गेला होता की हसायचंही त्राण नव्हतं.

मागे पोचतो तर सासूबाई एका काळ्याभोर, धिप्पाड बाईच्या मिठीत. बाईच्या हाताला राख लागलेली, ती तशीच सासूबाईंच्या पाठीवर उमटली. दोघी रडत होत्या, हसत होत्या आणि लुगांडात काहीतरी भराभर बोलत होत्या. लुगांडा म्हणजे तिथली भाषा. माझ्या सासूबाई, म्हणजे मनोरमाबाई कारखानीस, ज्या डोंबिवलीत सुनेसमोर दिवसभरात चार वाक्यंसुद्धा बोलत नसत, त्या इथे नळ फुटावा तशा बोलत सुटल्या होत्या.

"ही नबिर्ये," त्या मला म्हणाल्या. "जयंता आणि सुनीतीला हिनेच वाढवलं. मागच्या खोलीत अजून राहते. एकवीस वर्षं!"

नबिर्येने माझे दोन्ही हात धरले आणि गुडघे टेकून मला नमस्कार केला. सुनीतीचा नवरा म्हणून. मला कसनुसंच झालं.

मी तिथे का गेलो होतो ते सांगतो. १९७२ साली तिथल्या लष्करी राजवटीने सगळ्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं आणि त्यांची घरंदारं सरकारजमा केली. माझे सासरे साखर कारखान्यात केमिस्ट होते. पै पै जमवून त्यांनी हे घर बांधलं होतं. ते एका बॅगेनिशी भारतात आले आणि नऊ वर्षांत खंगून गेले. त्यानंतर सासूबाई आधी सांगलीला भावाकडे, मग डोंबिवलीला मुलाकडे, जयंताकडे. मुलाकडे म्हणजे पॅसेजमध्ये. रात्री सगळे झोपले की अंथरूण घालायचं आणि सकाळी दूधवाला यायच्या आत गुंडाळायचं. कपडे ठेवायला शिवणयंत्राखालची जागा. सून वाईट नव्हती हो, पण दोन खोल्यांत पाच माणसं, ती तरी काय करणार? सासूबाईंनी कधी तक्रार केली नाही. एकदाच सुनीतीला म्हणाल्या होत्या, "मरताना तरी कुणाला सरकायला सांगावं लागू नये गं."

आणि ९३ साली बातमी आली की नवं सरकार घरं परत देतंय. ज्याचं घर त्याने स्वतः यायचं, समितीसमोर हजर व्हायचं, ऑक्टोबरअखेर शेवटची मुदत. जयंता म्हणाला, गेलेल्या घराचं काय घेऊन बसलीस, मला रजा नाही. सुनीती माझ्याकडे वळली. "तुम्ही कोर्टातले. तुम्हीच जा आईबरोबर."

मी कोर्टातला म्हणजे मुंबईच्या एका कोर्टात दुभाष्या. साक्षीदार मराठीत बोलणार, मी न्यायाधीशांना ते इंग्रजीत सांगणार. सव्वीस वर्षं हेच केलं. खुनी माणसाच्या तोंडचं सांगितलं, बलात्कार झालेल्या पोरीच्या तोंडचं सांगितलं, घशाशी आलं तरी सांगितलं. एक अक्षर पदरचं घातलं नाही की गाळलं नाही. दुसरं काही कर्तृत्व नव्हतं माझ्याकडे, पण एवढं होतं, आणि त्याचा मला माज होता म्हणा ना.

तर कागद सगळे चोख होते. खरेदीखत, नकाशा, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, वारसपत्र. एकच गोष्ट कमी होती. या घरात तुम्हीच राहत होता हे सांगणारा तिथला एक साक्षीदार लागणार होता.

सासूबाईंनी नबिर्येला विचारलं. ती एवढी खूश झाली की तिने आपला ठेवणीतला लांब झगा पेटीतून काढून आम्हाला दाखवला. हाच घालून येणार म्हणाली.

"तिला कळलंय ना," मी विचारलं, "घर तुमच्या नावावर झालं की पुढे काय?"

"पुढे काय?"

"विकावं लागेल आई. तुम्ही काय इथे राहायला येणार आहात? आणि घेणारा माणूस घर मोकळं करून मागणार. मागच्या खोलीसकट."

सासूबाईंनी ताट पुढे ओढलं. नबिर्येने केळी उकडून त्यांचा लगदा केला होता, वर दाण्याचं कालवण. तेवढं खाल्लं आणि पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं बसने कंपालाला निघालो. दोन तासांचा रस्ता. नबिर्ये पुढच्या बाकावर बसून शेजारणीला आमच्याबद्दल काहीतरी अभिमानाने सांगत होती. जंगल लागलं तेव्हा सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

"मुकुंदराव, एक सांगायचं राहिलंय. ते घर माझं नाहीये."

मला वाटलं कागदात काही घोटाळा आहे. "म्हणजे? बाबांनी कुणाला लिहून दिलंय?"

"त्यांनी नाही, मी दिलंय. लिहून नाही, उदक सोडून."

"काय?"

"दसऱ्यानंतरची एकादशी होती. हे कंपालाला पासपोर्टच्या रांगेत होते. घर कुणी फुकटसुद्धा घेईना. मी मागच्या पायरीवर बसले होते आणि ही समोर बसून रडत होती. म्हटलं, सोल्जर येऊन घेणार, त्यापेक्षा जिने माझी पोरं वाढवली तिला का नको? कुंडीतल्या तुळशीचं पान तोडलं, तिच्या तळहातावर ठेवलं, पळीने पाणी सोडलं आणि 'न मम' म्हटलं. हे घर तुला दिलं, म्हटलं."

"लुगांडात म्हटलंत?"

"छे! असलं लुगांडात कसं म्हणणार? आपल्याच भाषेत म्हटलं."

"मग तिला काय कळलं?"

सासूबाईंच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "काही नाही. दर सत्यनारायणाला मी तिला तीर्थ देत असे. तिला वाटलं तीर्थच आहे. प्यायली आणि हात डोक्यावरून फिरवला."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आई, हे कुठल्या कायद्यात बसतं? घेणारीला पत्ता नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. हे दान झालंच नाही मुळी!"

"तुमच्या कायद्यात नसेल झालं."

"मग कशाला आलो आपण इथवर? सुनीतीने पाटल्या मोडल्यात तिकिटासाठी!"

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मलाही वाटत होतं, इतक्या वर्षांनी काय त्याचं. पण काल तिला पाहिलं आणि सगळं आठवलं."

"हे बघा. ते विचारणार, घर विकलं होतं का, कुणाला बक्षीस दिलं होतं का. हा प्रश्न असतोच. तुम्ही नुसतं 'नाही' म्हणायचं. एक शब्द."

"खोटं नाही हो बोलवणार मला. शपथ घालतील ना?"

"घालतील."

"मग नाहीच बोलवणार."

मी चिडलो, खोटं कशाला सांगू? पुढचा तासभर मी समोरच्या बाकाकडे बघत बसलो. डोळ्यांपुढे डोंबिवलीचा पॅसेज येत होता. एकदा पहाटेच्या गाडीसाठी मी तिथून निघालो होतो आणि अंधारात माझा पाय त्यांच्या हातावर पडला होता. त्या झोपेतच "सरकते, सरकते" म्हणाल्या होत्या. तो आवाज मी विसरू शकत नव्हतो. आणि ही बाई पळीभर पाण्यासाठी घर घालवणार होती.

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बाहेर बाकांवर आपल्याकडचे पुष्कळ लोक, बहुतेक गुजराती, लंडनहून आलेले, मांडीवर फायली. आम्ही अकराला गेलो, आमचा नंबर अडीचला लागला. तोवर सासूबाई आणि नबिर्ये बाकावर बसून लुगांडात गप्पा मारत होत्या. टाळ्या काय देत होत्या एकमेकींना! येणारे-जाणारे कारकून थांबून बघत होते. समितीचे मुख्य साहेब जेवून परत येताना तेही क्षणभर थांबले, हसले आणि आत गेले.

आत तीन अधिकारी होते. मुख्य साहेब जाडजूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, माणूस दमलेला पण सभ्य. आधी दुभाष्या म्हणून माझी शपथ झाली. जे ऐकेन तेच सांगेन, काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या खटल्यात घेतलेली शपथ, मी पोपटासारखी म्हटली.

नबिर्येची साक्ष पाच मिनिटांत झाली. साहेबांनी तिला लुगांडात विचारलं, तिने उभं राहून उत्तरं दिली, छातीवर हात ठेवून सासूबाईंकडे दोनदा बोट दाखवलं. शेजारच्या अधिकाऱ्याने मला इंग्रजीत सांगितलं, "ही म्हणते, हे घर यांचंच. दुसऱ्या कुणाचंही नाही. मी एकवीस वर्षं यांच्यासाठीच राखलं." मग तिला बाहेर बसायला सांगितलं. जाताना ती माझ्याकडे बघून हसली. काम फत्ते केल्यासारखी.

मग सासूबाई. शपथ, मग नाव, गाव, घर कधी बांधलं, कधी सोडलं. त्या मराठीत सांगत होत्या, मी इंग्रजीत. सगळं सुरळीत चाललं होतं. मग साहेबांनी कागद उलटला, चष्मा काढला आणि हसून मला इंग्रजीत म्हणाले, "या आजींना दुभाष्या कशाला? मघाशी ऐकलं मी. माझ्या पोरांपेक्षा चांगलं लुगांडा बोलतात. मीच विचारतो." आणि त्यांनी थेट सासूबाईंना लुगांडात प्रश्न विचारला.

सासूबाईंनी मान हलवली. "मराठी," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट केलं.

मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. साहेबासमोर माणूस भांबावतो. फाडफाड हिंदी बोलणारे साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहिले की आपल्या गावच्या बोलीवर येतात, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. साहेबांनीही खांदे उडवले आणि तोच प्रश्न मला इंग्रजीत घातला. देश सोडण्यापूर्वी हे घर तुम्ही कुणाला विकलं, कुणाच्या नावावर केलं किंवा दान दिलं होतं का?

मी मराठीत विचारलं. विचारताना त्यांच्याकडे असं बघितलं की दगडालाही कळावं.

सासूबाई ताठ बसल्या. "हो, दिलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेर बसली आहे तिला दिलं, हातावर पाणी सोडून. ते आता माझं नाही. जसंच्या तसं सांगा त्यांना, मुकुंदराव."

तिन्ही अधिकारी माझ्याकडे बघत होते. पंखा किरकिरत होता. किती वेळ गेला कोण जाणे. दोन सेकंद असतील, पण मला त्यात घामाची धार लागली.

"नो सर," मी म्हणालो. "नेव्हर."

साहेब थोडे थांबले. "एवढंच? त्या बरंच बोलल्या."

"त्या म्हणतात, नवऱ्याने घाम गाळून बांधलेलं घर त्या कुणाला कशा देतील?"

पहिलं खोटं एका शब्दाचं होतं, दुसऱ्याला मी आपण होऊन फुलं लावली. मला वाटलं, आता सासूबाई उठतील. 'नो' कळायला काही इंग्रजी यावं लागत नाही. त्या उठल्या नाहीत. टेबलाच्या कडेवर नजर लावून बसून राहिल्या. साहेबांनी शिक्का उचलला, तीन ठिकाणी मारला, सही केली आणि कागद सासूबाईंच्या पुढे सरकवला. "वेलकम होम, मॅडम," ते म्हणाले. माणूस खरंच चांगला होता.

बाहेर आलो तर नबिर्येने आमचे चेहरे न बघता फक्त कागद बघितला आणि जिभेने असा काही चीत्कार केला की सगळा जिना घुमला. सासूबाईंचे हात धरून ती नाचली. मग काहीतरी विचारू लागली. सासूबाईंनी दोन शब्दांत उत्तर दिलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"कधी राहायला येणार म्हणून विचारतेय. स्वयंपाकघराला चुना लावून ठेवते म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"लाव म्हटलं."

परतीच्या विमानात आम्ही शेजारी बसून नऊ तास एकमेकांशी बोललो नाही. मला वाटलं, रागावल्यात, आणि त्यांना हक्क होता.

घर विकायला दीड वर्ष लागलं. तिथल्या वकिलाने परवानग्या काढल्या, गिऱ्हाईक आणलं. शेवटच्या पत्रात एक ओळ होती, की मागच्या खोलीतली बाई कटकट न करता आपल्या भावाच्या गावी निघून गेली, ताबा मोकळा मिळाला. ते पत्र सुनीतीने मोठ्याने वाचलं. सासूबाई देवापाशी वाती वळत होत्या, त्यांनी वळायच्या थांबवल्या नाहीत.

त्या पैशांत बदलापूरला त्यांना एक खोली-स्वयंपाकघर मिळालं. स्वतःच्या नावावर. सगळे मला म्हणायचे, मुकुंदरावांनी सासूचं कल्याण केलं. मी मात्र त्या वर्षी कोर्टात अर्ज देऊन दुभाष्याचं काम सोडलं आणि रेकॉर्ड रूममध्ये बदली मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा घसा बसतो म्हणून सांगितलं. खरं म्हणजे पिंजऱ्यातल्या माणसाने तोंड उघडलं की मला माझंच 'नो सर' ऐकू यायचं. कुणी मला गुन्हेगार म्हटलं नाही, मीच म्हणत होतो. आणि मनाची समजूत घालायचो, की एका म्हातारीसाठी केलं, तिच्या मनाविरुद्ध का होईना, केलं. त्या भल्या बाईने खरं सांगितलं होतं, पाप माझं एकट्याचं.

असं अकरा वर्षं चाललं. मग एका रविवारी मी बदलापूरला त्यांच्याकडे बसलो होतो. सुनीती भाजी आणायला खाली गेली होती. सासूबाई परातीत मटार सोलत होत्या, अठ्ठ्याहत्तर वय, पण हात चांगला चालत होता. शेजारचं दाक्षिणात्य कुटुंब जिन्यात भांडत होतं आणि त्यांची पाच वर्षांची पोर आजीशी तमिळमध्ये, बापाशी हिंदीत भांडत होती. ते ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. इतकी वर्षं कसं सुचलं नाही, देव जाणे.

"आई," मी म्हणालो, "त्या साहेबाने तुम्हाला लुगांडात विचारलं होतं."

त्यांचा हात थांबला नाही. "हो."

"तुम्ही लुगांडात सांगून टाकलं असतं तर मला मध्ये पडताच आलं नसतं."

"नसतंच आलं."

"मग मराठी का?"

त्यांनी एक शेंग मोडली, दाणे परातीत सोडले. "लुगांडा त्या साहेबाला येत होतं, बाकीच्या दोघांना येत होतं, दाराबाहेर नबिर्येला येत होतं," त्या म्हणाल्या. "मराठी तिथे तुम्हालाच येत होती."

म्हणजे ज्या भल्या बाईचं खरं मी मारलं म्हणून अकरा वर्षं स्वतःला खात होतो, तिने ते खरं माझ्याच हातात मारायला दिलं होतं. मला राग आला, भयंकर आला. ओरडावंसं वाटलं. पण समोर पांढऱ्या केसांची, वाकलेली बाई बसली होती, आणि तिच्या पाठीमागे तिचा स्वतःचा पलंग होता, त्यावर दुपारचे बारा वाजले तरी न गुंडाळलेलं अंथरूण.

"मला घर हवं होतं हो, मुकुंदराव," त्या म्हणाल्या. "फार हवं होतं. खोटं तेवढं नको होतं. बसमध्ये तुमचा चेहरा बघितला आणि ओळखलं, हा माणूस काही मला पॅसेजमध्ये मरू देणार नाही."

"आणि नबिर्ये?"

त्यांनी पुढची शेंग उचलली. "तिचं घर गेलं, ते पाप माझं. तुम्ही नका घेऊ." मग मटाराची परात बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाल्या, "जयंता असता ना, तर जे ऐकलं तेच सांगून मोकळा झाला असता. नशीब माझं, जावई चांगला मिळाला."